दमाजीची छाती

आमचे डॉक्टर भरदुपारी लाल काचांचा चष्मा लावून परळच्या रस्त्यावरून चालत. नवख्या माणसाला वाटे, यांचे डोळे आलेत. काही जण तर त्यांना बघून फुटपाथ बदलत. कारण अगदी साधं होतं. त्या काळी माणसाची छाती यंत्राच्या पडद्यावर बघायची, तर आधी डोळे अंधाराला सरावलेले लागत. उजेडात बसूनही ते सरावावेत म्हणून असा चष्मा लावायची पद्धत होती. बाकीचे डॉक्टर आपापल्या खोलीत बसून तो लावत. आमचे डॉक्टर तो लावून चहाला जात, पोस्टात जात, आणि एकदा सुपरिंटेंडंटसाहेबांच्या मुलीच्या लग्नात तसेच पंगतीला बसले. शेजारच्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "जेवण झालं की पेशंट आहेत." मग पानातली वाटी पुढे केली आणि म्हणाले, "तूप जरा जास्तच वाढलंय." ते टोमॅटोचं सार होतं.

लाल काचेतून लाल, भगवं आणि पांढरं सारखंच दिसतं. एरवी याने कुणाचं काही बिघडलं नसतं, पण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गिरणगावात एक दिवसाआड मोर्चा. लालबागकडून लाल झेंडे येत, दादरकडून भगवे, आणि आमच्या दवाखान्यासमोर ते एकमेकांत मिसळत. एका मोर्चातल्या पुढाऱ्याने डॉक्टरांना फाटकाशी उभं पाहून विचारलं, "काय डॉक्टर, तुम्ही कुठल्या झेंड्याखाली?"

डॉक्टर नीट न्याहाळून म्हणाले, "मला सगळेच पांढरे दिसतायत. तह झाला का?"

मी त्यांच्या हाताखाली एक्स-रे टेक्निशियन होते. करी रोडच्या चाळीत वाढलेली, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आमच्या घरात दवाखान्यात नोकरीला लागलेली मी पहिली. मुलाखतीला गेले तेव्हा चार साहेब टेबलामागे बसले होते. तिघांनी शिक्षण, गाव, लग्न झालंय का, असं काय काय विचारलं. चौथे हे. हे म्हणाले, "श्वास घ्या. धरा." मी धरला. तेवढ्यात ते शेजारच्या साहेबांशी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायला लागले आणि मला विसरले. माझा चेहरा निळा पडत चालल्याचं दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात आलं. डॉक्टरांनी वळून पाहिलं, "सोडा" म्हणाले, आणि इतरांना म्हणाले, "या बाई सांगितलेलं करतात. घेऊ या."

हे "धरा" आणि "सोडा" त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की दवाखान्याबाहेरही ते सुटत नसे. हेडक्लार्क रजेच्या अर्जांवरून कुरकुर करायला आला की डॉक्टर म्हणत, "श्वास घ्या. धरा." हेडक्लार्क सवयीने धरी, आणि तेवढ्या वेळात डॉक्टर दाराबाहेर गेलेले असत.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, आणि त्याने मात्र सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. "नाही म्हणू नका. दिसलं नाही म्हणा." शिपाई म्हणाला, साहेब आले नाहीत, की हे म्हणणार, दिसले नाहीत म्हण. मी म्हटलं, फिल्मवर काही नाही, की हे खुर्ची फिरवून बघणार आणि मी पुन्हा नीट बोलेपर्यंत बघतच राहणार. गिरगावात ते थोरल्या बहिणीबरोबर राहत. ताई बालविधवा, फार हुशार आणि भावाहून तिखट. एकदा मी काही फिल्म घेऊन घरी गेले होते. ताई आतून म्हणाल्या, "साखर नाहीये रे." डॉक्टर म्हणाले, "दिसली नाही म्हण." ताई बाहेर आल्या, त्यांनी डबा भावाच्या मांडीवर उपडा केला, वर दोन चापट्या मारल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी आम्ही गुळाचा चहा प्यायलो.

दवाखान्यात येणारे बहुतेक गिरणी कामगार. क्षयाचं माहेरघर म्हणावं असा आमचा भाग. कोंदट खोल्या, पाळीपाळीने झोपणारी माणसं, त्यात गिरणीच्या खात्यात कापसाची धूळ. अशात परदेशातून आमच्याकडे एक मोटार आली. तिच्यातच एक्स-रे यंत्र बसवलेलं. माणसाने मागून चढायचं, छाती फळीला लावायची, श्वास धरायचा, पुढून उतरायचं. फोटो अगदी इवलासा, सिनेमाच्या फिल्मच्या चौकटीएवढा, पण दिवसभरात अख्खीच्या अख्खी चाळ उरके. गाडी गिरण्यांत गेली, शाळांत गेली, पोलिसांच्या लाइनीत गेली. सुपरिंटेंडंटसाहेब खूश होते. ते मनाने चांगले गृहस्थ, लोकांना रोग कळावा अशी त्यांना खरीच तळमळ होती, आणि काम भराभर व्हावं अशीही. संध्याकाळी फिल्मचं रीळ आलं की आमचे डॉक्टर भिंग लावून एकेक चौकट बघत आणि शेरा लिहीत.

वर्षभर हे चाललं. मग एके दिवशी भिंग खाली ठेवून ते सुपरिंटेंडंटसाहेबांच्या खोलीत गेले. मी रिळं घेऊन मागे उभी होते.

"किती निसटतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"रोग आहे, पण या एवढ्याशा फोटोत मला दिसला नाही, असे किती असतील?"

"ते कसं कळणार? ज्याचा दिसला नाही, त्याचा दिसला नाही."

"म्हणजे छातीत कुठे काय आहे ते आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे, असा माणूस पाहिजे. त्याचा फोटो काढायचा आणि दिसतं का बघायचं."

"असा माणूस आणणार कुठून?"

डॉक्टर जरा विचार करून म्हणाले, "करतो."

असा दमाजीचा जन्म झाला. हे नाव पुढे कुणीतरी ठेवलं, बहुधा दम या शब्दावरून. डॉक्टरांना ते आवडलं. त्यांनी त्याचा केसपेपर काढला. वय, धंदा, पत्ता या सगळ्या रकान्यांत रेघ, आणि तक्रार या रकान्यात "अद्याप नाही".

बरगड्या आधी वेताच्या केल्या. फोटोत त्या टोपलीसारख्या दिसल्या. मग खाटकाकडून बकऱ्याच्या आणल्या, तेव्हा खात्यात दोन दिवस कुणी डबा उघडला नाही आणि मांजरांनी आम्हाला वेढा घातला. शेवटी मेडिकल कॉलेजातून जुन्या सांगाड्याचा पिंजरा मागून आणला. हृदय म्हणजे मिठाचं पाणी भरलेला फुटबॉलचा ब्लॅडर. अंगावर मांस म्हणून मेणाचा थर. मे महिन्यात दमाजीला घाम फुटे आणि मी त्याला पंख्याखाली बसवी. फुफ्फुसं मात्र काही केल्या जमेनात. स्पंज घातला तर सगळं सपाट दिसे. खऱ्या छातीत रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं दिसतं, ते कुठून आणायचं? डॉक्टर आठवडाभर त्या काळजीत होते. एका सकाळी ते ताईंच्या न्हाणीघरातली अंग घासायची घोसाळ्याची वाळकी जाळी घेऊन आले. तिचा फोटो काढला, फिल्म धुऊन दिव्यावर धरली. हुबेहूब फुफ्फुस. त्यानंतर परळच्या भाजीवालीकडची जून झालेली सगळी घोसाळी आमच्याकडे येऊ लागली. ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या हॉस्पिटलात हे शिजवून घालतात होय? म्हणूनच माणसं बरी होऊन पळतात."

आता रोग. डॉक्टरांनी आधी मूग वापरले. जाळीत इथे तिथे मूग खोचायचे, फोटो काढायचा, ते दिसतात का बघायचं. पहिल्या दिवशी अंधुक ठिपके दिसले. तिसऱ्या दिवशी ते मोठे झाले. चौथ्या दिवशी त्यांना शेपट्या फुटल्या. डॉक्टर हरखून गेले. "बाई, रोग वाढतोय," म्हणाले. मी पाठीची फळी उघडून बघितली. ब्लॅडर झिरपत होता आणि दमाजीच्या छातीत मुगाला मोड आले होते. त्या दिवसापासून रोग मेणाच्या गोळ्यांचा झाला.

गोळ्या मी लपवायच्या आणि कुठे लपवल्या ते कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरांना तर नाहीच. मग गाडीतल्या यंत्रावर दमाजीचे फोटो काढायचे आणि सगळ्या डॉक्टरांनी ते वाचायचे. सुपरिंटेंडंटसाहेबांनाही भिंग दिलं. निकाल लागला. प्रत्येकाने काही ना काही सोडलं होतं. गळ्याखालच्या आडव्या हाडामागे लपवलेल्या गोळ्या तर एकालाही दिसल्या नव्हत्या. डॉक्टरांनी निकालाचा कागद दाराबाहेर लावला, आणि आपल्या चुका सगळ्यांत वर लिहिल्या.

सुपरिंटेंडंटसाहेब वैतागले. "अहो, छाती खोटी, रोग खोटा. मग चूक तेवढी खरी कशी?"

"ती मी केलीय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून."

तरी त्यांच्या मते त्यात एक खोट राहिलीच. जिवंत माणूस श्वास धर म्हटलं तरी पुरता धरत नाही, छाती हलते, फोटो पुसट होतो. दमाजी हलत नव्हता. म्हणून तो श्वास घेऊ लागला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. गिरगावात वाजवायच्या पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांच्याकडून पेटीचा भाता दमाजीच्या पाठीशी बसवून घ्यायचा ठरला. एका सकाळी आम्ही दमाजीला टॅक्सीतून गिरगावात नेलं. काम छान झालं. दांडी हलवली की बरगड्या फुगत आणि बसत. फक्त भात्यात एक सूर कुठेतरी अडकून राहिला होता, त्यामुळे दमाजी श्वास सोडताना बारीक आवाजात षड्ज लावी. कारागीर म्हणाले, "राहू दे. नाहीतर श्वास आहे हे कळणार कसं?"

परत निघालो तोवर शहराचा रंग पालटला होता. कुठे दगडफेक, कुठे लाठी, अशा बातम्या येत होत्या. टॅक्सीवाल्याने लालबागच्या अलीकडेच गाडी थांबवली आणि आम्हाला उतरवलं. पुढे जायचं तर चालत. डॉक्टरांनी दमाजीला पांढऱ्या चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. डोळ्यांवर लाल चष्मा होताच. मी मागून भात्याची दांडी सावरत चालले होते. दुकानं बंद, रस्ता मोकळा. कोपऱ्यावर एक हवालदार उभा होता. चाळिशीचा, काटक, कोकणातला. आम्हाला बघून त्याने काठी आडवी केली.

"थांबा. काय आहे यात?"

"छाती," डॉक्टर म्हणाले.

"कुणाची?"

"कुणाचीच नाही."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "हॉस्पिटलमधनं आणलीय," मी म्हटलं, आणि हे उत्तर आणखी वाईट आहे हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्याने काठीच्या टोकाने चादर बाजूला केली. आत खरोखरच्या बरगड्या, त्यावर मेण, आत काहीतरी लोंबणारं. तो एक पाऊल मागे सरला आणि गावच्या बोलीत पुटपुटला, "ह्यां काय आसा?"

तेवढ्यात गल्लीतून पाच-सहा तरुण धावत आले. त्यांनी लांबून चादर पाहिली होती. त्या दिवसांत पुढाऱ्यांचे पुतळे जाळणं रोजचंच होतं. एक जण म्हणाला, "पुतळा आहे रे. काका, आमच्याकडे द्या, चौकात पेटवतो."

हे ऐकून हवालदाराचा जीव भांड्यात पडला. "पुतळा होय. मग आधी सांगायचं. पुतळ्याला बंदी आहे, जप्त."

दोन्ही बाजूंचं निदान एवढ्यावर तरी एकमत झालं. वाद उरला तो दमाजी कुणाच्या ताब्यात जायचा याचा.

"पण कुणाचा आहे?" एका पोराने विचारलं. "डोकंच नाही."

"डोकं नाही म्हणजे मंत्रीच असणार," दुसरा म्हणाला.

पोरं पुढे सरकली, हवालदाराने काठी घट्ट धरली. चार महिन्यांचं काम आणि कॉलेजचा सांगाडा एका काडीने संपला असता, आणि काठी चालली असती तर आणखी काय झालं असतं कोण जाणे. डॉक्टर मात्र सरळ फुटपाथवर बसले, दमाजीला समोर ठेवला आणि म्हणाले, "बाई, भाता."

मी दांडी हलवू लागले. दमाजीची छाती फुगली, बसली, आणि त्याने सूर लावला. पुन्हा फुगली, पुन्हा बसली. कुणी हललं नाही. एकाच्या हातात दगड होता, तो त्याने पायाशी ठेवला.

"ही तुमची छाती," डॉक्टर वर्गात शिकवावं तसं म्हणाले. "आत ही अशी जाळी असते. हिच्यात या बाई रोग लपवतात, आणि तो मला सापडतो का, हे मी बघतो."

"सापडतो का?" दगडवाल्याने विचारलं.

"नेहमी नाही."

"माझ्या बापाचा फोटो काढलाय तुमच्या गाडीत. काही नाही म्हणाले."

"काही दिसलं नाही म्हणाले असतील. खोकतात का?"

"खोकतात."

"मग पुन्हा घेऊन ये."

दमाजीने मध्येच लांब सूर धरला, कारण माझा हात दुखून थांबला होता, आणि सगळे हसले. हवालदारही हसला. हसता हसता त्याला खोकला आला. चांगला खोलवरचा, वाकायला लावणारा. डॉक्टरांनी चष्मा काढला. रस्त्यावर त्यांनी चष्मा काढलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"कधीपासून आहे?"

"तंबाखूचा आहे, साहेब. आणि गेल्या साली लाइनीत गाडी आली होती. माझा फोटो साफ आहे."

"उद्या परळला या."

हवालदाराने मान हलवली, पोलीस हलवतात तशी. पण वाटेत आणखी कुणी अडवू नये म्हणून पुढच्या चौकापर्यंत तो आमच्याबरोबर आला, आणि शेवटचा टप्पा दमाजी त्याच्या खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. मग डॉक्टर दुपारच्या चहानंतर त्याच्या नाक्यावर जाऊन उभे राहू लागले. बोलायचं नाही, खुणवायचं नाही. लाल चष्मा लावून समोरच्या फुटपाथवरून त्याच्या छातीकडे बघत राहायचं. काही दिवसांनी हवालदार रस्ता ओलांडून आला आणि हळूच म्हणाला, "येतो, साहेब. पण तुम्ही इथे उभं राहू नका. आमच्या लोकांना वाटतं, तुम्ही वरून माझ्यावर नजर ठेवायला आलाय."

तो आला. मी नेहमीचा मोठा फोटो काढला. मला काही दिसलं नाही. डॉक्टरांनाही दिसलं नाही. एरवी आम्ही त्याला परत पाठवला असता. पण दमाजीच्या हाडामागे लपलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या मनातून गेल्या नव्हत्या. जुन्या पुस्तकांतून त्यांनी एक रीत शोधली होती आणि दमाजीवर करून पाहिली होती. माणसाला मागे रेलवायचं, खांदे फळीला टेकवायचे, पोट पुढे काढायचं, म्हणजे ते आडवं हाड वर सरकतं आणि त्यामागचा कोपरा उघडा पडतो.

"ही कुठली कवायत, साहेब?" हवालदाराने विचारलं.

"श्वास घ्या. धरा," डॉक्टर म्हणाले.

फिल्म धुऊन मी दिव्यावर लावली. हाड सरकलं होतं, आणि ते जिथे होतं तिथे एक डाग होता, मध्ये पोकळी पडलेला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. माझ्या मनात आलं, आता हे खूश होतील, यांचंच म्हणणं खरं ठरलं. ते म्हणाले, "ही जखम जुनी आहे. गेल्या सालचं पोलीस लाइनीचं रीळ काढा."

रीळ सापडलं. हवालदाराची चौकट सापडली. आता ठाऊक होतं म्हणून, भिंग लावल्यावर, हाडाच्या कडेला जरासा धूसरपणा दिसत होता. शेऱ्यात "निरोगी" असं लिहिलेलं होतं. अक्षर आमच्या डॉक्टरांचं होतं.

सुपरिंटेंडंटसाहेबांनी दार लावून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "उपचार सुरू करा, उत्तम करा. पण गेल्या सालचं सांगू नका. लोक गाडीत चढायचे बंद होतील. आणि सांगून त्याचा फायदा काय? औषध तेच आहे."

"औषध तेच," डॉक्टर म्हणाले. "पण एक वर्ष उशिरा. ते वर्ष त्याचं होतं."

"मी तुम्हाला हुकूम देत नाहीये. विनंती करतोय."

त्या दिवशी हेडक्लार्क आला, मनसोक्त कुरकुर करून गेला. डॉक्टर दमाजीसमोर बसून होते. संध्याकाळी मी निघाले तेव्हा म्हणाले, "बाई, चूक दमाजीच्या बाबतीत होती तोवर बरी वाटत होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हवालदाराला खोलीत बसवलं, स्वतः स्टूल ओढून समोर बसले आणि सांगितलं. हाड, डाग, गेल्या सालचं रीळ, आणि ते वाचणारा माणूस कोण, तेही. हवालदार ओरडला नाही. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"धाकटी माझ्या कुशीत निजते, साहेब," तो म्हणाला. "वर्षभर निजतेय."

"उद्या सगळ्यांना घेऊन या."

"आणि तुम्हाला दिसेल?"

डॉक्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाले, "माझ्या एकट्यावर सोडणार नाही. आम्ही तिघं डॉक्टर बघू. एकाने काय पाहिलं ते दुसऱ्याला सांगणार नाही."

बायको आणि थोरला मुलगा ठीक होते. धाकटीच्या छातीत गाठी धरल्या होत्या. वेळेत कळलं, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. बापाला रजा, सुया आणि गोळ्या, मुलीला गोळ्या आणि आराम. डॉक्टर दर आठवड्याला नायगावच्या पोलीस लाइनीत स्वतः जात, मला बरोबर घेऊन. मुलगी त्यांचा लाल चष्मा नाकावर चढवून खोलीभर फिरे आणि आईला विचारी, "तुझी साडी पांढरी कधी झाली?" हवालदार मात्र डॉक्टरांशी बोलत नसे. डॉक्टर समोर बसलेले असले तरी तो मला सांगे, "बाई, साहेबांना सांगा, पोरीला ताप नाही." मी वळून तेच सांगे. डॉक्टर मला म्हणत, "विचारा, भूक लागते का." असं कित्येक महिने चाललं. मग एकदा मुलीचं वजन वाढल्याचं डॉक्टरांनी मला सांगायला तोंड उघडलं, तेव्हा हवालदाराने बशीत चहा ओतला आणि बशी सरळ त्यांच्यापुढे सरकवली. "ऐकलं मी, साहेब," तो म्हणाला. "घ्या, निवतोय."

तिथून त्याची जीभ सुटली ती सुटलीच. लाइनीत कुणी खोकलं की हा त्याला हाताला धरून परळला आणी आणि मला बजावी, "सरळ फोटो नको, बाई. वाकडा काढा." बघता बघता वाकड्या फोटोची ख्याती नायगावपासून लालबागपर्यंत पसरली. लोक रांगेतच मागे रेलून उभे राहत. सरळ फोटो म्हणजे सरकारी, वाकडा म्हणजे खरा, असा समज झाला. ज्यांचा पाय मुरगळला होता तेही वाकडा मागू लागले. सुपरिंटेंडंटसाहेबांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग हुकूम काढला की खोकला असलेल्याचा फोटो दोन्ही तऱ्हांनी काढावा आणि दोघांनी वाचावा. गाडीत चढायचं कुणी बंद केलं नाही. दगडवाल्या पोराचा बापही येऊन गेला. त्याला काही निघालं नाही. म्हणजे, आम्हाला दिसलं नाही.

कुणी विचारलं की ही रीत डॉक्टरांनी शोधली का, तर ते चिडत. "पुस्तकात होती. आपण वाचत नव्हतो," म्हणत.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या सकाळी दवाखान्यावर झेंडे लागले होते. डॉक्टर फाटकात थांबले, त्यांनी चष्मा काढला, मान वर करून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरेच रंग होते की." त्याच सुमारास हवालदार कामावर परत रुजू झाला आणि मुलगी शाळेत जाऊ लागली. तो पेढे घेऊन आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुमचा तो जुना फोटो, मला दिसलं नव्हतं तो, नवीन मुलांना शिकवायला ठेवू का? नाव कापून टाकतो."

हवालदार विचार करून म्हणाला, "नाव कशाला कापता? माझं राहू दे. आणि खाली तुमचंही लिहा."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे दौत पुढे ओढली.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले, काही वर्षांनी गेलेही. मेण चिरत गेलं, तसा दमाजीही एक दिवस मोडीत निघाला. मोटार गेली, तिच्या जागी नवी यंत्रं आली. ती इवलीशी फिल्म मात्र काचेत बसवून शिकवण्याच्या खोलीत ठेवलेली होती, आणि मी होते तोवर नव्याने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती वाचायला देणं माझ्याकडे होतं. मी दिवा लावी. हुशार मुलं असत, नजर टाकून लगेच सांगत, "निरोगी आहे, बाई." मग सहज खाली वाकून नावं वाचत. पहिलं नाव कुणाला ठाऊक नसे. दुसरं नाव सगळ्यांना ठाऊक असे. त्याच नावाच्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकावर अभ्यास करून ते आलेले असत. ते वाचलं की मुलगा सावकाश सरळ होई, पुन्हा फिल्मकडे बघे, आणि माझ्याकडे भिंग मागे.